प्रश्नपत्रिका कोणाच्या कपाटात? जावाची परीक्षा आणि अपाची हार्मनी

'आई' या शब्दाची किंमत किती? कवींना विचारलंत तर ते काय सांगायचं ते सांगतील. जावाला विचारलंत तर उत्तर येतं ७३९२२.

थट्टा नाही, कागदावर करून पाहा. युनिकोडमध्ये 'आ'चा क्रमांक २३१० आहे आणि 'ई'चा २३१२. जावात शब्दाचा हॅशकोड काढायची रीत अशी: पहिल्या अक्षराचा क्रमांक घ्या, त्याला ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवा, अजून अक्षरं उरली असतील तर पुन्हा ३१ ने गुणा, असं शेवटपर्यंत. २३१० गुणिले ३१ म्हणजे ७१६१०, त्यात २३१२ मिळवले की ७३९२२. (शब्द लांबला की आकडा ३२ बिटांत मावत नाही आणि वरचे बिट गळून पडतात. तेही नियमाप्रमाणेच.)

आणखी दोन-तीन गमती. 'नमस्ते' हा शब्द किती अक्षरी? आपण तीन म्हणू. जावा सहा म्हणते, कारण ती न, म, स, मोडका पाय, त आणि मात्रा असे सहा तुकडे मोजते. उणे अडीच जवळच्या पूर्णांकात बदला म्हटलं तर आपल्या शाळेत उणे तीन आलं असतं, जावाच्या 'राउंड'चं उत्तर उणे दोन. उणे सातला तीनने भागून बाकी काढा म्हटलं तर जावा उणे एक सांगते आणि पायथन दोन. दोघांचंही गणित आपापल्या नियमांप्रमाणे बरोबर आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं. समजा तुम्ही ठरवलंत की आपण स्वतःची जावा बनवायची, दुसऱ्या कोणाच्या कोडची एकही ओळ न बघता. अगदी शक्य आहे. नियम छापलेले आहेत, कोणालाही वाचता येतात. पण तुमच्या जावावर दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तसाच्या तसा चालायला हवा असेल तर अशी हजारो उत्तरं, त्यातल्या विचित्र उत्तरांसकट, तंतोतंत जुळली पाहिजेत. ती जुळतात हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी परीक्षा लागते. आणि अमेरिकेत एका प्रकल्पाने पाच वर्षं मेहनत करून जवळजवळ पूर्ण जावा लिहिली, पण त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. त्या प्रकल्पाचं नाव अपाची हार्मनी. तुमच्या खिशात २०१० च्या आसपास अँड्रॉइड फोन असेल तर हार्मनीचा कोड तुम्ही वापरलेला आहे.

आधी परीक्षेबद्दल. जावाच्या जगात प्रत्येक प्रमाण तीन गोष्टींचं मिळून बनतं: नियमांचं पुस्तक म्हणजे स्पेसिफिकेशन, ते नियम पाळून दाखवणारा एक नमुना म्हणजे रेफरन्स इम्प्लिमेंटेशन, आणि परीक्षा म्हणजे टेक्नॉलॉजी कंपॅटिबिलिटी किट. या किटला सगळे टीसीके म्हणतात. मूळ जावाच्या टीसीकेला जेसीके असं वेगळं नाव आहे, पण इथे मी टीसीकेच म्हणणार आहे, नाहीतर आद्याक्षरांच्या जंगलात आपण दोघेही हरवू.

टीसीके लिहिणारा माणूस स्पेसिफिकेशन वकिलासारखं वाचतो. एकेक वाक्य उचलायचं, त्यात तपासता येण्यासारखा दावा आहे का पाहायचं, आणि प्रत्येक दाव्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. 'पूर्णांकाला शून्याने भागलं तर अमुक एक्सेप्शन येतं' हा दावा झाला. 'हॅशमॅपमधल्या नोंदी कुठल्या क्रमाने बाहेर येतील याची हमी नाही' हेही वाक्य आहे, पण त्यातून चाचणी निघत नाही. उलट चाचणी लिहिताना आपण चुकून कुठला क्रम गृहीत धरला नाही ना, एवढीच काळजी घ्यायची. हे काम फार कंटाळवाणं असतं असा समज आहे. मी थोडंफार केलेलं आहे म्हणून सांगतो, वाचताना जे वाक्य स्वच्छ कळलं असं वाटतं, त्याची चाचणी लिहायला बसलं की त्याचे तीन अर्थ निघतात. खरी भाषा तिथे ठरते.

दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या नावांच्या. जावाच्या ग्रंथालयात कुठले क्लास आहेत, त्यांत कुठल्या मेथड आहेत, त्या काय घेतात आणि काय परत देतात, याची यादी हुबेहूब जुळली पाहिजे. एकही कमी नको, हे कळतं. पण एकही जास्त नको! तुम्ही प्रमाण क्लासमध्ये स्वतःची एक सोयीची सार्वजनिक मेथड घातलीत तरी नापास. कारण उद्या लोक ती वापरायला लागतील आणि त्यांचे प्रोग्रॅम फक्त तुमच्याकडेच चालतील.

आणि पास होण्यासाठी लागणारे गुण? शंभर टक्के. इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही आणि नव्व्याण्णवलाही नाही. एखादी चाचणीच चुकीची आहे असं वाटलं तर दाद मागता येते. ती खरंच चुकीची ठरली तर वगळलेल्या चाचण्यांच्या यादीत जाते आणि ती यादी मग सगळ्यांना लागू होते.

आता तुम्ही विचाराल, प्रश्नपत्रिका गुप्त असायलाच हवी ना, बोर्डाचा पेपर फुटला की परीक्षाच रद्द होते. पण ही तुलना इथे मोडते. बोर्डात पन्नास प्रश्न विचारून पाच हजार गोष्टी येतात का याचा अंदाज घ्यायचा असतो, म्हणून पेपर झाकावा लागतो. टीसीकेत जे जे तपासता येतं ते सगळंच विचारायचं असतं. पेपर आधी हातात मिळाला आणि विद्यार्थ्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पक्कं करून घेतलं, तर परीक्षेचा हेतू साधलाच की. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर लिहिता येतं, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी नेमकं तेच केलं आणि २०१५ मध्ये इथल्या ईपीएने ते उघड केलं. पण ती लबाडी पेपर झाकून थांबत नाही.

उघड्या परीक्षा जगात भरपूर आहेत, आणि बहुतेक उत्तम चालतात. जावास्क्रिप्टची टेस्ट२६२ ही चाचणीमाला कोणीही उतरवून घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातली युनिकोड संस्था आपल्या नियमांबरोबर चाचण्यांच्या फाइली फुकट प्रसिद्ध करते. मघाचा 'नमस्ते' आठवा. डोळ्यांना दिसणारं एक अक्षर कुठे संपतं, याचा युनिकोडचा नियम पूर्वी 'नमस्ते'चे चार तुकडे करायचा: न, म, स् आणि ते. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि 'स्ते' एक झाला. म्हणजे तीन. त्यासोबत चाचण्यांची फाइलही बदलली, आणि जगातल्या कुठल्याही होतकरू प्रोग्रॅमरला आपलं सॉफ्टवेअर मराठी नीट तोडतं का हे त्या फाइलवर घासून बघता येतं. कोणाची सही नाही, फी नाही.

मग जावाचा पेपर कपाटात का? याला इतिहास आहे, आणि तो सन मायक्रोसिस्टिम्सच्या बाजूनेही समजून घ्यायला हवा. सन ही सिलिकॉन व्हॅलीतली कंपनी, जावा तिने १९९५ मध्ये जगासमोर आणली. (बे एरियातल्या वाचकांना माहीत असेल, मेन्लो पार्कला फेसबुकच्या दारात अंगठ्याची जी प्रसिद्ध पाटी होती, तिच्या मागच्या बाजूला सनचं नाव तसंच राहिलं होतं. जागा सनची होती, पाटी नुसती उलटवली.) एकदा लिहा, कुठेही चालवा, हा जावाचा सगळा दावा. मायक्रोसॉफ्टने जावाचा परवाना घेतला आणि आपल्या विंडोजसाठी जी जावा काढली त्यात काही भाग गाळले, काही स्वतःचे घातले. तिच्यावर लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे चालेलच असं राहिलं नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये सनने खटला भरला, आणि तुमची जावा आमच्या सुसंगतता चाचण्या पास होत नाही हा त्यातला एक मुख्य आरोप होता. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. या प्रकरणातून सनने धडा घेतला: परीक्षा हेच आपलं शस्त्र.

तसा कायदेशीर बंदोबस्तही होता. ही बाब नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी भानगड हिच्यावर उभी आहे. जावाचं स्पेसिफिकेशन वाचायला मोकळं होतं, पण त्याबरहुकूम स्वतंत्र जावा बनवून वाटण्याचा हक्क, म्हणजे त्यात गुंतलेले पेटंट आणि कॉपीराइट वापरायची परवानगी, एका अटीवर मिळत असे: तुमची जावा टीसीके पास झाली पाहिजे. म्हणजे टीसीके हे नुसतं गुणपत्रक नव्हतं. ते नसेल तर 'जावा' हे नाव लावता येत नाही एवढ्यावर भागत नव्हतं, उद्या पेटंटसाठी कोणी दारात उभं राहिलं तर हातात दाखवायला काही नाही, अशी अवस्था. स्वतःच्या चाचण्या लिहिता येतात आणि लोकांनी लिहिल्याही होत्या. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली मॉव्ह नावाची मुक्त चाचणीमाला होतीच. अभियांत्रिकीसाठी उपयोग चांगला, कायद्यासाठी शून्य.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही १९९९ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था. वेब सर्व्हरमुळे तुम्हाला नाव माहीत असेल. ती जावाचे नियम ठरवणाऱ्या 'जावा कम्युनिटी प्रोसेस'मध्ये, म्हणजे जेसीपीमध्ये, सनच्या शेजारी बसत होती. तिने सुरुवातीपासून एकच प्रश्न लावून धरला: ओपन सोर्स प्रकल्पाने टीसीके मिळवायचं कसं? पैसे नाहीत, वकील नाहीत. मार्च २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जावावन परिषदेत सन आणि अपाचीचा समझोता जाहीर झाला. अपाचीच्या बाजूने जेसन हंटर यांनी ती बोलणी केली होती. यापुढे प्रमाणांच्या ओपन सोर्स आवृत्त्यांना मनाई नसेल, आणि ना-नफा संस्थांना टीसीके विनामूल्य मिळेल. नंतर जेसीपीच्या सभासद-करारातही हा समझोता आला. प्रमाणाचा मालक टीसीके देताना अशी कुठलीही अट घालू शकणार नाही, की जिच्यामुळे स्वतंत्र सुसंगत जावा बनवण्याच्या हक्कावर मर्यादा येईल, असा त्या कराराचा अर्थ अपाचीने लावला. मला तो सरळ वाटतो.

काही वर्षं हे चाललंही. सर्व्हरसाठीच्या जावाची, तेव्हाच्या भाषेत जे२ईईची, परीक्षा वेगळी होती. अटलांटाच्या जेबॉस कंपनीने २००३ च्या शेवटी तिचा परवाना घेतला आणि २००४ मध्ये ती पास झाली. अपाचीने २००३ मध्ये जेरोनिमो हा प्रकल्प सुरू केला, तो २००५ मध्ये पास झाला. पण यातही एक विसंगती पोटात होती. टीसीके गुप्ततेच्या करारावर मिळत असे. अपाचीची शिस्त अशी की प्रत्येक निर्णय, प्रत्येक चर्चा उघड्यावर. आणि इथे, चाचणी कुठली नापास झाली, का झाली, हे बोलायचं तर कागदावर सही केलेल्या मंडळींनी वेगळ्या खोलीत जाऊन बोलायचं. एखाद्या स्वयंसेवकाने बाहेरून दुरुस्ती पाठवली तर तिने कुठला प्रश्न सुटला हे त्याला सांगायची सोय नाही. उघड्या अंगणात एक बंद खोली. लोकांनी ते चालवून घेतलं.

मग मे २००५ मध्ये गीर मॅग्नुसन यांनी हार्मनीचा प्रस्ताव मांडला. आता सर्व्हरचा वरचा मजला नाही, मूळ जावाच स्वतंत्रपणे लिहायची, अपाची परवान्याखाली. आयबीएम आणि इंटेलने मोठा कोड आणि माणसं दिली. सनच्या कोडचा संसर्ग होऊ नये म्हणून काळजी इतकी, की कोड देणाऱ्या प्रत्येकाकडून एक प्रश्नावली भरून घेत: तुम्ही पूर्वी सनचा सोर्स पाहिला आहे का, कुठला भाग, कधी. जो भाग पाहिला असेल त्यावर काम करायचं नाही. परीक्षेविना प्रगती मोजण्यासाठी त्यांनी स्वतःच्या चाचण्या लिहिल्या, एक्लिप्स आणि टॉमकॅटसारखी खरी सॉफ्टवेअर चालवून पाहिली. पुढे जावा ५ च्या ग्रंथालयाचा जवळपास ९९ टक्के भाग त्यांनी लिहून काढला.

ऑगस्ट २००६ मध्ये अपाचीने सनकडे टीसीके मागितलं. सनने परवान्याचा मसुदा दिला. विनामूल्य होता, कबूल केल्याप्रमाणे. पण आत एक अट: 'फील्ड ऑफ यूज', म्हणजे वापराचं क्षेत्र. या परीक्षेत पास झालेली जावा साध्या डेस्कटॉप आणि सर्व्हर संगणकांवरच वापरायची. इतर यंत्रांवर, उदाहरणार्थ स्टेशनवर माहिती देणाऱ्या किऑस्कमध्ये, नाही.

वाचायला ही अट क्षुल्लक वाटते. कोणाला किऑस्कमध्ये जावा घालायची आहे? पण आता अपाचीच्या जागी उभं राहून पाहा. अपाची परवाना सांगतो, हा कोड घ्या, बदला, विका, कुठेही वापरा. ओपन सोर्सच्या सर्वमान्य व्याख्येतच एक कलम आहे की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही. सनची अट मान्य केली तर हार्मनी वापरणाऱ्या प्रत्येकाला अपाचीने सांगायचं, की कोड तुमचाच, पण तो फोनमध्ये घालू नका. म्हणजे ओपन सोर्स राहिलंच नाही. अट नाकारली तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पेटंटची परवानगी नाही.

सनला ही अट का हवी होती? कारण त्या काळी मोबाइल फोनसाठीची जावा, जावा एमई, हे सनचं उत्पन्न होतं. फोन बनवणाऱ्या कंपन्या तिच्यासाठी पैसे मोजत. डेस्कटॉपची मोकळी, पास झालेली जावा फोनवर चालू लागली तर ते पैसे कोण देईल? त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या वेळी भाषेचे तुकडे होऊ नयेत म्हणून वापरलेलं शस्त्र आता बाजारपेठ राखायला वापरलं जात होतं. पहिला हेतू मला पटतो. दुसरा समजतो, पण 'सुसंगततेसाठी' म्हणून तो खपवणं पटत नाही. सुसंगत जावा किऑस्कमध्ये घातली म्हणून विसंगत होत नाही.

आठ महिने आतल्या आत बोलणी करून दमल्यावर १० एप्रिल २००७ ला अपाचीने सनचे प्रमुख जोनाथन श्वार्त्झ यांना खुलं पत्र लिहिलं. तीस दिवसांत अटीविना परवाना द्या, नाहीतर तुम्ही करार का पाळत नाही ते सांगा. तीस दिवस गेले. परवाना आला नाही.

दरम्यान सनने एक मोठी आणि खरोखर उदार गोष्ट केली होती. १३ नोव्हेंबर २००६ ला तिने स्वतःची जावाच जीपीएल परवान्याखाली खुली करायची घोषणा केली, आणि मे २००७ पर्यंत ओपनजेडीके नावाने बहुतेक कोड बाहेर आला. ऑगस्ट २००७ मध्ये ओपनजेडीकेसाठी टीसीकेचा एक वेगळा परवानाही काढला, त्यात वापराच्या क्षेत्राची अट नाही. फक्त तुमचा कोड मुख्यतः ओपनजेडीकेतूनच आलेला हवा आणि जीपीएलखालीच वाटला जायला हवा. रेड हॅटने तो नोव्हेंबरमध्ये घेतला आणि जून २००८ मध्ये फेडोरा ९ मधली त्यांची आइस्डटी ही जावा पास झाली. पूर्णपणे मुक्त कोड असलेली जावा परीक्षेत पास, ही मोठीच घटना. पण अट पुन्हा वाचा. आमचंच पुस्तक उतरवून काढलंत तर परीक्षेला बसा. ज्याने नियम वाचून स्वतःच्या अकलेने उत्तरं लिहिली, त्या हार्मनीला प्रवेश नाही. स्वतंत्र सुसंगत जावा हा जो मूळ कराराचा गाभा होता, तोच यातून वगळला गेला.

आणि मग फोन. ५ नोव्हेंबर २००७ ला गूगलने अँड्रॉइड जाहीर केलं. त्याच्या ग्रंथालयांचा मोठा भाग हार्मनीचा होता. गूगलने परीक्षेचा नादच सोडला: 'जावा' नाव लावायचं नाही, खालचं यंत्रही वेगळं, डॅल्विक. श्वार्त्झ यांनी त्याच दिवशी आपल्या ब्लॉगवर गूगलचं अभिनंदन केलं, हे पुढे कोर्टात बरंच गाजलं. ज्या फोनांपासून हार्मनीला दूर ठेवायला अट घातली होती, तिथेच हार्मनी पोचली, आणि ती परीक्षा न देता. सनच्या डोळ्यांसमोर जावाचे तुकडे झाले ते असे. अटीविना परीक्षा दिली असती तर अँड्रॉइड सुसंगत राहिलं असतं का, हे कोणीच सांगू शकत नाही. गूगलला पूर्ण जावा नकोच होती असंही म्हणता येईल.

यानंतरचा ओरॅकलचा पवित्रा मला या गोष्टीतला सगळ्यात मासलेवाईक भाग वाटतो. डिसेंबर २००७ मध्ये जेसीपीच्या कार्यकारी समितीत, जेसीपी ही कुठल्याही एका कंपनीच्या हातात नसलेली स्वतंत्र संस्था व्हावी, असा ठराव मांडणारी कंपनी ओरॅकल होती. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, म्हणजे कपाटाची किल्ली तिच्याकडे आली. आता तरी, असं अपाचीला वाटलं असेल. काहीही बदललं नाही. ऑगस्ट २०१० मध्ये ओरॅकलने गूगलवर खटला भरला. ऑक्टोबरात आयबीएमने आपली माणसं हार्मनीतून काढून ओपनजेडीकेत घालायचं जाहीर केलं. डिसेंबरात जावा ७ वर मतदान झालं. अपाची, गूगल आणि टिम पायरल्स यांची तीन मतं विरोधात, बारा बाजूने. बाजूने मत देणाऱ्यांतल्या काहींनी परवान्याबद्दल नाराजी लिहून ठेवली, पण मत दिलं. ९ डिसेंबर २०१० ला अपाची कार्यकारी समितीतून बाहेर पडली. नोव्हेंबर २०११ मध्ये हार्मनी अपाचीच्या 'ॲटिक'मध्ये, म्हणजे माळ्यावर, गेली.

ओरॅकल आणि गूगलचा खटला दहा वर्षं चालला आणि ५ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने लागला. वाद होता सुमारे ११,५०० ओळींचा, ३७ पॅकेजेसमधल्या मेथडच्या नावांचा आणि रचनेचा. म्हणजे मघाशी सांगितलेल्या, नावं तपासणाऱ्या चाचण्या ज्या हुबेहूब जुळायला हव्यात असं म्हणतात, नेमक्या त्याच ओळी. न्यायालयाने गूगलने केलेला वापर 'फेअर यूज' मानला. मुळात त्या ओळींवर कॉपीराइट असू शकतो का, हा प्रश्न मात्र न सोडवता बाजूला ठेवला. टीसीके कोणी कोणाला द्यावं यावर हा निकाल काही बोलत नाही.

तोवर अँड्रॉइडने हार्मनी सोडलीही होती. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तिथे ओपनजेडीकेची ग्रंथालयं आली. अँड्रॉइडची स्वतःची परीक्षाही आहे, सीटीएस नावाची. ती कोणीही उतरवून घेऊन आपल्या फोनवर चालवू शकतो. गूगल फार उदार झाली असं समजू नका, प्ले स्टोअर आणि नकाशे हवे असतील तर वेगळा करार करावाच लागतो. कुलूप दुसऱ्या दाराला लावलंय, इतकंच.

जावाच्या बाजूला एक दार खरंच उघडलं. सर्व्हरवाली जावा ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं. तिचं नाव आता जकार्ता ईई, आणि तिची टीसीके ओपन सोर्स आहे. जेरोनिमोची माणसं ज्या चाचण्यांबद्दल बंद खोलीत कुजबुजत होती, त्यांच्या वंशजांवर आज कोणीही उघड वाद घालू शकतो.

मूळ जावाची टीसीके अजून करारावरच मिळते. टेमुरिन ही आज फार वापरली जाणारी मोफत जावा घ्या. तिचा पूर्वज असलेला अ‍ॅडॉप्टओपनजेडीके हा प्रकल्प वर्षानुवर्षं जावा बांधून वाटत होता, पण टीसीके हाती नसल्यामुळे 'आम्ही पास आहोत' असं म्हणू शकत नव्हता. २०२१ मध्ये तो एक्लिप्स फाउंडेशनकडे आला आणि फाउंडेशनने ओरॅकलबरोबर करार केला, तेव्हाच टेमुरिन रीतसर परीक्षेला बसली. जावा तीच, माणसंही बरीचशी तीच. टेमुरिनच्या बांधणीचे आणि त्यांच्या स्वतःच्या उघड्या चाचण्यांचे निकाल तुम्हाला सगळे पाहता येतात. टीसीकेचं फक्त एवढं कळतं, की पास.

हार्मनीचा कोड माळ्यावर आहे, उतरवून घेता येतो. 'आई'चे तिथेही ७३९२२च येतात.